हौशी नौकांचा डिजिटल तांडेल

नौकेची सूत्रे ज्याच्या हाती असतात, त्याला कोकणकिनाऱ्यावर तांडेल म्हणतात. डोंगराचे टोक, देवळाचा कळस, दीपगृहाचा दिवा आणि पाण्याचा पालटता रंग एवढ्या भांडवलावर नौका नेमकी कुठे आहे, हे तो सांगत असे. हौसेखातर नौका बाळगणाऱ्यांची संख्या युरोप-अमेरिकेत मोठी आहे आणि तेथे तांडेलाचे हे काम गेल्या पंचवीस वर्षांत काचेच्या एका पडद्याकडे गेले आहे. सागरी नकाशा, पाण्याची खोली, वाऱ्याची दिशा, रडार, आसपासची जहाजे, इंजिनाचे तापमान, नांगर धरून आहे की घसरतो आहे, हे सारे त्या एकाच पडद्यावर दिसते. मुंबईत गेटवेसमोर नांगरलेल्या खासगी नौकांवरही आता हीच उपकरणे बसतात. त्यांच्या गुणांची वर्णने करणारी माहितीपत्रके विपुल आहेत. परंतु ही उपकरणे काय जाणतात आणि काय जाणत नाहीत, हे त्या पत्रकांत फारसे सापडत नाही. आणि समुद्रावर जीव जातो किंवा वाचतो तो पुष्कळदा याच फरकामुळे.

मे २००० पासूनचा प्रवास

या साऱ्याचा पाया जीपीएस हा होय. उपग्रहांवर आधारलेली ही अमेरिकी यंत्रणा नागरी वापरासाठी पूर्वीही खुली होती; तथापि सुरक्षेच्या कारणास्तव अमेरिकेने नागरी संदेशात मुद्दाम चूक मिसळलेली असे. ही चूक शंभर मीटरपर्यंत जाई. अध्यक्ष बिल क्लिंटन यांच्या निर्णयानुसार २ मे २००० पासून ही भेसळ थांबली आणि एका रात्रीत सामान्य नौकामालकाच्या हातातले यंत्र दहा-वीस मीटरच्या आसपास अचूक झाले. खुल्या समुद्रात हा फरक किरकोळ वाटेल. मात्र खाडीच्या चिंचोळ्या तोंडाशी शंभर मीटर म्हणजे खडक आणि पाणी यांतले अंतर असते.

पुढचे काम उपकरणांना एकमेकांशी बोलते करण्याचे होते. अमेरिकेतील सागरी इलेक्ट्रॉनिक्स उद्योगाच्या संघटनेने १९८०च्या दशकात आखलेल्या जुन्या मानकानुसार सेकंदाला जेमतेम ४८०० बिट्स माहिती जाई. त्यानंतरचे 'एनएमईए २०००' हे मानक मोटारगाड्यांतील तंत्रावर बेतलेले असून त्याचा वेग सेकंदाला अडीच लाख बिट्स आहे. नौकेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच मुख्य तार जाते आणि खोलीमापक, वारामापक, होकायंत्र, इंजिन, स्वयंचलित सुकाणू हे सारे तिलाच जोडले जातात. गार्मिन, रेमरीन, फुरुनो, सिमराड या कंपन्यांचे आजचे पडदे म्हणजे या तारेवरची बोलणी ऐकून चित्रात मांडणारे संगणक होत.

रडारही बदलले. जुन्या रडारमध्ये मायक्रोवेव्ह भट्टीत असतो तसा मॅग्नेट्रॉन असे. तो तापायला एक-दोन मिनिटे लागत आणि विजेचा खप मोठा असे. आता अर्धवाहकांवर चालणारी, कमी विजेची रडारे छोट्या नौकांवरही परवडतात. त्यांतील काही डॉप्लर तत्त्वाचा वापर करून आपल्याकडे येणारी वस्तू वेगळ्या रंगात दाखवतात. धुक्यात किंवा पावसाच्या सरीत ज्याने सुकाणू धरले आहे, त्याला या रंगाचे मोल वेगळे सांगायला नको. खोलीमापक आता तळाचे चित्र काढतात, पुढे काय आहे तेही दाखवतात. गोड्या पाण्यातल्या मासेमारीच्या अमेरिकी स्पर्धांत तर अशा सोनारमुळे मासा पकडण्यात कौशल्य ते काय उरले, असा वाद पेटला आहे. नौका धक्क्याला लावताना घाम फुटणाऱ्या मालकांसाठी व्होल्वो पेन्टाने २०२१ मध्ये वारा-प्रवाहाचा हिशेब करून नौका जागच्या जागी धरणारी प्रणाली आणली. ही शेवटची सोय चैनीची आहे हे खरे; पण धक्क्यावर उभ्या असलेल्या प्रेक्षकांसमोर फजिती टाळण्यासाठी माणूस किती पैसे मोजतो, याचा अंदाज कंपन्यांना चांगलाच असावा.

आणखी एक बदल ग्राहकाच्या खिशाशी निगडित आहे. नॅव्हिऑनिक्स ही सागरी नकाशांची कंपनी २०१७ मध्ये गार्मिनने घेतली. सिमराड, लॉरन्स आणि बी अँड जी ही नावे असलेला नॅव्हिको समूह २०२१ मध्ये ब्रन्सविकच्या ताब्यात गेला. पडदे आणि नकाशे एकाच घरचे झाले. नकाशे अद्ययावत ठेवायचे तर आता वार्षिक वर्गणी भरावी लागते. नौका एकदाच विकत घ्यायची, समुद्र मात्र दरवर्षी.

पडद्यावर न दिसलेले खडक

२९ नोव्हेंबर २०१४ रोजी 'टीम वेस्टास विंड' ही शिडाची नौका हिंदी महासागरात केप टाऊनहून अबू धाबीकडे निघाली होती. व्होल्वो ओशन रेस या जगप्रदक्षिणेच्या शर्यतीचा तो दुसरा टप्पा होता. नौकेवरचे नऊही जण कसलेले, उपकरणे उत्तमांतली उत्तम, आणि वेग सुमारे १९ नॉट, म्हणजे ताशी ३५ किलोमीटर. मॉरिशसच्या ईशान्येला असलेल्या कार्गादोस काराहोस या प्रवाळ खडकांच्या मालिकेवर ती रात्रीच्या अंधारात त्याच वेगाने जाऊन आदळली. ही मालिका लहान नाही. ती कैक किलोमीटर लांब पसरलेली असून शतकानुशतके नाविकांना ठाऊक आहे. अंधारात, फुटणाऱ्या लाटांच्या माऱ्यात काढलेल्या रात्रीनंतर सर्वजण वाचले. शर्यतीतली दुसरी एक नौका, टीम अल्विमेडिका, त्यांच्यासाठी जवळपास थांबून राहिली होती.

मग हे खडक नकाशावर नव्हते काय? होते. इलेक्ट्रॉनिक सागरी नकाशा हे कागदाचे छायाचित्र नसते. तो माहितीचा साठा असतो आणि पडद्यावर किती क्षेत्र दिसते आहे त्यानुसार कोणती माहिती दाखवायची, हे संगणक ठरवतो. महासागराचा मोठा पट्टा पडद्यावर घेतला की गर्दी नको म्हणून तो तपशील गाळतो. नौकेवरच्या मंडळींना त्या जागी पाणी किमान चाळीस मीटर खोल आहे, असे दिसले होते. चित्र पुरेसे मोठे केल्यावरच खडक प्रकट होत होते. निवृत्त रिअर अॅडमिरल ख्रिस ऑक्सनबोल्ड यांच्या अध्यक्षतेखालील स्वतंत्र समितीने मार्च २०१५ मधील अहवालात दोन्ही बाजूंवर बोट ठेवले. इलेक्ट्रॉनिक नकाशांचा वापर सदोष होता आणि धोका ओळखला गेला नाही, हे एक. आणि लहान प्रमाणावरच्या नकाशांत धोके दाखवण्याची पद्धतच उणी होती, हे दुसरे.

कागदी नकाशावर मानचित्रकाराने हा निर्णय आधीच घेतलेला असतो. खडक कितीही लहान असला तरी, जहाज बुडवण्याएवढा असेल तर कुठल्याही प्रमाणावर तो एखाद्या फुलीने दाखवायचा, ही त्याच्या व्यवसायाची शिस्त. पडद्यावर ही निवड संगणकाच्या नियमावर सोपवली गेली. आणि कागद तर हळूहळू दुर्मीळ होत चालला आहे. अमेरिकेच्या 'नोआ' या सागरी-हवामान संस्थेने २०१९ मध्ये पारंपरिक कागदी नकाशे बंद करण्याचे जाहीर केले आणि जानेवारी २०२५ पर्यंत ते पूर्णपणे मागे घेतले. ब्रिटनच्या जलमापन विभागाने मात्र कागद बंद करण्याची २०२६ ची मुदत वापरकर्त्यांचे म्हणणे ऐकून किमान २०३० पर्यंत पुढे ढकलली.

म्हणूनच लांबच्या प्रवासाआधी आखलेली संपूर्ण रेषा मोठ्या प्रमाणावर, टप्प्याटप्प्याने सरकवत तपासायची, हा सोपा पण कंटाळवाणा उपाय आहे. अनेक नव्या पडद्यांत मार्ग आपोआप आखून देण्याची सोय आहे. ती वापरावी, पण तिने आखलेल्या रेषेवरून एकदा बोट फिरवल्याशिवाय नांगर उचलू नये.

यात एक नवी अडचण मिसळली आहे. जीपीएसचा संदेश अत्यंत क्षीण असतो आणि तो दाबून टाकता येतो, इतकेच नव्हे तर खोटाही पाठवता येतो. जून २०१७ मध्ये काळ्या समुद्रात नोवोरोसिस्कजवळच्या वीसहून अधिक जहाजांना आपण गेलेंझिकच्या विमानतळावर उभे असल्याचे यंत्रांनी सांगितले. विमानतळावर जहाज असू शकत नाही, म्हणून ती फसवणूक लगेच कळली. चूक पाचशे मीटरचीच असती तर? अशा वेळी नौकेवर दोन जीपीएस असून उपयोग नाही, दोघे मिळून एकच खोटे सांगतील. खोलीमापक, रडार आणि होकायंत्रावरून किनाऱ्याच्या खुणांचा घेतलेला कोन यांना मात्र उपग्रह लागत नाही. तांडेलाची विद्या येथे परत उपयोगी पडते.

मोठ्या जहाजाला मी दिसतो का?

हौशी नौकामालकाला सर्वांत मोठी भीती असते ती रात्री अंगावर येणाऱ्या मालवाहू जहाजाची. वीस नॉट वेगाचे जहाज मिनिटाला सहाशे मीटरहून अधिक अंतर कापते. बारा सागरी मैलांवर क्षितिजापाशी दिसू लागलेला दिवा ३६ मिनिटांत नौकेवर येऊन ठेपतो. एकट्याने प्रवास करणारा माणूस तेवढ्यात डुलकी घेऊन उठलेलाही नसतो.

या भीतीवर एआयएस या यंत्रणेने मोठा उतारा दिला. प्रत्येक जहाज आपले नाव, जागा, दिशा आणि वेग व्हीएचएफ रेडिओ लहरींवर आपणहून सांगत राहते आणि इतरांच्या पडद्यावर ते त्रिकोणाच्या रूपात उमटते. आंतरराष्ट्रीय मार्गावरील ३०० टनांवरच्या जहाजांना २००४ च्या अखेरीपर्यंत ही यंत्रणा बसवणे सक्तीचे झाले. हौशी नौकांसाठी 'ब' वर्गाची स्वस्त आवृत्ती आली. दोन जहाजे जवळात जवळ कधी आणि किती अंतरावर येतील, हे यंत्र आधीच सांगते. पूर्वी हा हिशेब रडारवर पेन्सिलीने करावा लागे.

तथापि 'अ' आणि 'ब' वर्गांतला फरक जाहिरातीत दिसत नाही. मोठ्या जहाजाचे यंत्र साडेबारा वॉट शक्तीने बोलते आणि चालत्या जहाजात दर दोन ते दहा सेकंदांनी आपली जागा सांगते. 'ब' वर्गाचे साधे यंत्र दोनच वॉटचे असते आणि अर्ध्या मिनिटातून एकदा बोलते. पाच वॉटचे, अधिक वेळा बोलणारे सुधारित 'ब' यंत्र आता उपलब्ध आहे. नव्याने घेणाऱ्याने तेच घ्यावे. त्यातही, गजबजलेल्या बंदरात पडदा स्वच्छ राहावा म्हणून मोठ्या जहाजावर 'ब' वर्गाच्या खुणा लपवण्याची सोय असते. ज्याला आपण दिसत आहोत असे वाटते, त्याला आपण दिसत नसू शकतो. शिवाय लाकडी मासेमारी होडी, तरंगता ओंडका, जाळ्याचा बोया यांच्याकडे एआयएस नसतेच. त्यांच्यासाठी आता डोलकाठीवर कॅमेरे बसवून संगणकाकडून पाण्यावरच्या वस्तू ओळखण्याची साधने निघाली आहेत. ती अजून महाग आहेत.

हाक कोणाला ऐकू जाते?

येथपर्यंतची उपकरणे संकट टाळण्यासाठी होती. संकट आल्यावर कामी येणारी साधने वेगळी, आणि त्यांच्याकडे खरेदीच्या उत्साहात सर्वांत कमी लक्ष जाते.

गोल्डन ग्लोब रेस ही एकट्याने, न थांबता जगाला फेरी मारण्याची शर्यत मुद्दाम जुन्या पद्धतीने होते. नौका चालवण्यासाठी जीपीएस नाही, इलेक्ट्रॉनिक नकाशे नाहीत. तारे आणि सूर्य पाहून सेक्स्टंटने जागा काढायची. परंतु याच शर्यतीत संकटसंदेशाची यंत्रे, उपग्रहाने माग देणारे साधन आणि मोहोरबंद पेटीतला आणीबाणीचा जीपीएस मात्र बरोबर ठेवावा लागतो. जीव वाचवण्यासाठी कशावाचून चालणार नाही, याचे उत्तर या नियमातच आहे.

भारतीय नौदलाचे कमांडर अभिलाष टॉमी या शर्यतीत गोव्यात बांधलेल्या 'थुरिया' या नौकेवर होते. २१ सप्टेंबर २०१८ रोजी दक्षिण हिंदी महासागरातील वादळात नौकेची डोलकाठी मोडली, त्यांच्या पाठीला गंभीर इजा झाली. पर्थपासून सुमारे १९०० सागरी मैल दूर, चालताही येत नसलेल्या अवस्थेत त्यांना उपग्रहामार्फत मोजक्या शब्दांचे संदेश पाठवता आले. भारतीय नौदलाच्या पी-८आय विमानाने नौका शोधली आणि २४ सप्टेंबरला 'ओसिरिस' या फ्रेंच गस्ती जहाजाने त्यांना उचलले. पुढच्याच शर्यतीत, २०२३ मध्ये, त्यांनी दुसरा क्रमांक पटकावला.

त्याच पुढच्या शर्यतीत फिनलंडचे तापिओ लेहतिनेन यांची नौका १८ नोव्हेंबर २०२२ रोजी दक्षिण आफ्रिकेच्या आग्नेयेला पाचएक मिनिटांत बुडाली. फोन शोधायला, बटण दाबायला त्यांना सवड नव्हती. ईपर्ब हे यंत्र पाणी लागताच आपोआप सुरू झाले. शर्यतीतच असलेल्या कर्स्टन नॉयशेफर यांनी आपली नौका वळवली आणि सुमारे एका दिवसात त्यांना जीवरक्षक तराफ्यावरून बाहेर काढले.

ईपर्ब म्हणजे ४०६ मेगाहर्ट्झवर उपग्रहांना साद घालणारा आपत्कालीन प्रक्षेपक. त्याचे संदेश 'कोस्पास-सारसॅट' ही आंतरराष्ट्रीय यंत्रणा टिपते. अमेरिका, कॅनडा, फ्रान्स आणि तत्कालीन सोव्हिएत संघ यांनी शीतयुद्ध चालू असतानाही ती एकत्र उभारली आणि १९८२ मध्ये तिच्यामुळे पहिले प्राण वाचले. ईपर्बची बॅटरी किमान ४८ तास चालते; खिशात मावणाऱ्या वैयक्तिक यंत्राची किमान २४ तास. गॅलिलिओ या युरोपीय उपग्रह मालिकेमार्फत २०२० पासून 'तुमची हाक पोहोचली' अशी पोचही सोय असलेल्या यंत्रावर मिळते. थंड पाण्यात वाट पाहणाऱ्यासाठी त्या लुकलुकणाऱ्या दिव्याची किंमत किनाऱ्यावरून करता येणार नाही.

रेडिओतही असाच बदल आहे. डीएससी सोयीच्या व्हीएचएफ संचावर लाल बटण दाबून धरले की नौकेचा नऊ अंकी क्रमांक आणि जागा चॅनल ७० वरून आपोआप जाते. मात्र संचात हा क्रमांक भरला नसेल किंवा संचाला जीपीएसची तार जोडलेली नसेल, तर हाकेला नावही नाही आणि पत्ताही नाही. हजारोंचे यंत्र आणि एक न जोडलेली तार, अशा नौका कमी नसाव्यात.

आणि एक अगदी साधे साधन. वेगवान बोटीतून चालक पाण्यात पडला तर बोट गोल फिरत त्याच्यावरच येऊ शकते. अलिबाग किंवा तारकर्लीला जेट स्कीवर मनगटाला बांधतात ती गुंडाळीची दोरी हे टाळण्यासाठीच असते. ती निघाली की इंजिन बंद पडते. अमेरिकेत २६ फुटांखालील बहुतेक मोटारबोटींवर १ एप्रिल २०२१ पासून तिचा वापर बंधनकारक झाला. बिनतारी बिल्ल्याच्या रूपातही ती आता मिळते. जेट स्कीवर बसताना चालकाने ती बांधली आहे ना, हे पर्यटकाने जरूर पाहावे.

वीज संपली की

पडदा, रडार, स्वयंचलित सुकाणू, शीतपेटी हे सारे एकाच बॅटरीवर जगते. शिशाच्या बॅटरीतली निम्मीच वीज तिचे आयुष्य न घटवता वापरता येते. लिथियम आयर्न फॉस्फेटच्या बॅटरीतली ऐंशी टक्क्यांपर्यंत, आणि वजनही निम्म्याहून कमी. म्हणून जुन्या नौकांवर ही अदलाबदल जोरात आहे. धोका असा की, लिथियम बॅटरीतील संरक्षक यंत्रणा काही बिघाड दिसताच बॅटरी क्षणात तोडते. त्या वेळी इंजिनावरचा आल्टरनेटर वीज ओतत असेल तर विद्युतदाब उसळून सारी इलेक्ट्रॉनिक्स एकदम जळू शकते. अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिलने २०२२ मध्ये या बॅटऱ्यांसाठी वेगळे मानक काढले, ते अशाच धोक्यांपायी. व्हीएचएफ संचाला वेगळी छोटी बॅटरी आणि हातातला एक जलरोधक रेडिओ, एवढा खर्च टाळू नये.

भारतातले नियम

परदेशी संकेतस्थळांवरून उपकरणे मागवणाऱ्या मराठी नौकामालकाने एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. २६ नोव्हेंबर २००८ चे हल्लेखोर 'कुबेर' ही मासेमारी बोट बळकावून मुंबईला आले. त्या बोटीवर जीपीएस संच आणि थुराया उपग्रह-फोन सापडला होता. दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय थुराया वा इरिडियमचे फोन भारतात बाळगता येत नाहीत. जगभरचे नाविक आणि गिर्यारोहक सर्रास वापरतात ती गार्मिनची उपग्रह-संदेशयंत्रेही यातच येतात. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या विमानतळावर असे यंत्र सापडल्याने परदेशी पाहुण्यांना पोलिसांना सामोरे जावे लागले. स्टारलिंकला भारतात उपग्रह-सेवेचा परवाना जून २०२५ मध्ये मिळाला. पण अटलांटिकमध्ये चालते ते संच परस्पर आणून मांडव्याच्या फेरीवर लावावे, असा त्याचा अर्थ नव्हे.

व्हीएचएफ आणि एआयएससाठी दूरसंचार विभागाच्या बिनतारी शाखेकडून परवाना घ्यावा लागतो आणि नौकेचा नऊ अंकी क्रमांक मिळतो; भारताचे क्रमांक ४१९ पासून सुरू होतात. ईपर्बचे संदेश बेंगळुरू येथील इस्रोच्या नियंत्रण केंद्रात येतात आणि तेथून तटरक्षक दलाच्या बचाव केंद्राकडे जातात. म्हणून यंत्राची नोंदणी करताना किनाऱ्यावर कोणाला फोन करायचा, हा रकाना भरणे अत्यावश्यक. परदेशातून जुनी नौका घेतली असेल तर तिच्यावरचे ईपर्ब अजून आधीच्या मालकाच्या देशाच्या नावाने बोलत असते. ते नव्याने क्रमांकित करून घ्यावे लागते. इस्रोने मच्छीमारांसाठी २०१० पासून दिलेल्या संकटसंदेश यंत्राची दुसरी पिढी जानेवारी २०२४ मध्ये आली असून तिच्यात किनाऱ्याकडून नौकेला उत्तर मिळण्याची सोय आहे. मोबाइलच्या टप्प्यात असाल तर तटरक्षक दलाचा १५५४ हा निःशुल्क क्रमांक आहे. तो फोनमध्ये साठवून ठेवायला कोणताही परवाना लागत नाही.